पाच ओळी, चार चौकटी

१२ डिसेंबर, सातारा

शेवटी होकार दिला! जानेवारीत सांगलीला वक्तृत्व स्पर्धा आहे, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांची. पहिली येईल ती राज्य फेरीला जाणार. तीन परीक्षक, त्यातली एक मी. अट एकच घातली — गुणपत्रिका मी तयार करणार. 'शुद्ध उच्चार — दहा गुण' हा रकाना यंदा चालायचा नाही. भाषा ही कुणाच्या बापाची जहागीर नाही!

"बाई, हो की नाही तेवढं सांगा, भाषण नंतर ऐकतो," स्पर्धेचे सचिव फोनवर म्हणाले. बराच वेळ बोलत होते वाटतं मी.

डोळ्यांसमोर सोनिया होती. आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. गेल्या वर्षी मी पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत होते. ती पाण्यावर बोलली आणि सगळा हॉल गप्प झाला. उच्चाराला दहापैकी एक! नंबर गेला. त्यानंतर पोरगी कुठं उभीच राहिली नाही. गेला महिनाभर फोन करकरून मी तिला तयार केलं. "येते बाई. पर ह्ये शेवटचं. औंदा न्हाई जमलं तर म्या परत त्या माइकपुढं न्हाई जायची."

आता मी परीक्षक. आजपासून तिला फोन बंद.

१५ डिसेंबर

माझी भाची सई कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. तिच्याकडून कळलं, मला हवं आहे त्याला 'रुब्रिक' म्हणतात. आडव्या ओळींत निकष, उभ्या रांगांत पातळ्या, आणि प्रत्येक चौकटीत लिहायचं की हे गुण नेमके कशाला. किती साधं! इतकी वर्षं व्यासपीठांवर काढली, इतकी पुस्तकं वाचली, आणि हे कुणी सांगितलं नाही.

नेटवर असले तक्ते बनवणारी ढीगभर यंत्रं आहेत. पहिल्याने इंग्रजीत सुंदर तक्ता दिला. मराठीचं बटण दाबलं, तर 'डोळ्यांचा संपर्क'!

"मावशी, अशानं सगळ्या हॉलचे डोळे येतील," सई.

खालची पातळी — 'विकसनशील'. पोरगी आहे की देश?

१६ डिसेंबर

दुसरं यंत्र. विषय टाकला, इयत्ता टाकली, क्षणात तक्ता हजर, तोही बऱ्या मराठीत. पहिलीच ओळ — 'प्रमाण उच्चार'. बंद केलं.

२० डिसेंबर

पहाटे यवतेश्वरचा घाट चढले. खाली सातारा धुक्यात बुडालेला, फक्त अजिंक्यताऱ्याची कड वर. हळूहळू धुकं विरलं तशी उतारावरची शेतं दिसायला लागली, एकाखाली एक, बांध घातलेली. मला तो तक्ताच दिसला! एकेका वाफ्यात एकेक वाक्य पेरलेलं. बराच वेळ दगडावर बसून होते. मनात एक हॉल होता, लाकडी खुर्च्यांचा. त्यात कुठून कुठून आलेली पोरं आपापल्या घरच्या भाषेत बोलत होती आणि कुणी हसत नव्हतं. चहावाल्यानं हाक मारली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

परत आले आणि तिसऱ्या यंत्रातला तक्ता घेतला. चौकटी त्याच्या, वाक्यं माझी.

२३ डिसेंबर

पाच ओळी ठरल्या. मुद्दा. दाखले. आवाज. श्रोत्यांशी नातं. शेवट. प्रत्येकीला चार ते एक. चार सगळ्यात वरचा.

'श्रोत्यांशी नातं' या ओळीवर दोन दिवस गेले. चार — ऐकणाऱ्याला आपण खुर्चीत बसलो आहोत याचा विसर पडतो. तीन — बहुतेक जण ऐकतात. दोन — पुढची रांग ऐकते. एक — पाठ केलेलं आठवत उभी आहे.

खाली ठळक अक्षरांत: बोली कोणतीही चालेल.

सईनं त्याचा फोनवर भरायचा अर्ज केला. चौकटीवर बोट ठेवायचं, बेरीज आपोआप. एकदा पाठवलं की बदलता येत नाही, हे मला फार आवडलं. नाहीतर परीक्षक एकमेकांच्या कागदात डोकावतात आणि पेन्सिलीचे आकडे खोडतात, हे काय मला ठाऊक नाही! परीक्षकांची नावंही झाकलेली. क, ख, ग — कोणाला कोणतं अक्षर, ते यंत्र ठरवणार.

३० डिसेंबर

तिघा परीक्षकांची ऑनलाइन बैठक. अवधूत वकील साताऱ्याचेच, 'चालेल, चालेल' म्हणून मोकळे. सांगलीचे नानासो, निवृत्त मुख्याध्यापक, ते अडले.

"बाई, उच्चार काढलात. उद्या व्याकरण काढाल. मग उरलं काय?"

"बोलणं उरलं, सर!"

"आम्ही तीस वर्षं एक, दोन, तीन असे नंबर टाकत आलो. कुणाचं वाईट झालं नाही."

"ज्यांचं झालं ती परत आलीच नाहीत. तुम्हाला दिसणार कशी?"

जरा जास्तच बोलले का मी? असो. बोलायलाच हवं होतं.

१० जानेवारी, सांगली

बावीस स्पर्धक. दारातून हळदीचा वास येत होता. वल्लरी नावाची वाईची मुलगी छान बोलली. मी एकेक वाक्य वाचून शांतपणे गुण देत होते — तीन, चार, तीन. तक्ता किती नीट चालतोय, म्हणून मनातून सुखावले होते.

एकोणिसावी सोनिया. विषय 'माझी शाळा'. म्हणाली, "माझी शाळा चालती. दिवाळी झाली की मेंढरांमागं चालती, पाऊस आला की माघारी येती. मास्तर बदलत्यात, फळा बदलतो, मी तीच." पुढचं मला सलग आठवत नाही. मी त्या हॉलमध्ये नव्हतेच. उन्हात पांढरी पडलेली वाट, पुढे कळप, पाठीला दप्तर बांधलेली एक पोर आणि तिच्या मागे चालणारी मी. टाळ्यांनी भानावर आले. पहिली! पोरगी पहिली! डोळे पुसत घाईघाईनं तिचे गुण भरून पाठवले. पुढचा स्पर्धक उभाही राहिला होता.

निकाल. वल्लरी पहिली. सोनिया पहिल्या पाचांतही नाही.

खाली आले तर ती फाटकाशी चपला घालत होती. मीच दटावून विचारलं, "कुठं निघालीस?"

"घरला. आवं बाई, तुमी कशाला रडताय? म्या सांगितलं हुतं न्हवं, शेवटचं म्हून."

हसत म्हणाली. ते हसणं पाहवत नव्हतं.

११ जानेवारी

संयोजकांकडून सगळा तक्ता मागवला. सोनिया सातवी, साठांपैकी बेचाळीस. वल्लरीला बावन्न. परीक्षक क — एकोणीस. परीक्षक ख — अठरा. परीक्षक ग — पाच! पाचही ओळींत एक!

हा नानासोंचाच हात. दुसरं कोण? उच्चाराचा रकाना काढला, तर माणसानं पाचही रकान्यांत सूड उगवला. असल्या शुद्धतेला आग लागो!

यंत्र माणसाला सुधारत नाही. मी वेडी, धुक्यात स्वप्नं पाहत बसले.

१६ जानेवारी

सकाळच्या एसटीनं सांगली. वाटेत कऱ्हाडपर्यंत मनात भाषण तयार झालं होतं, असं की माणूस खुर्चीतून उठू नये.

नानासोंनी दार उघडलं. "या बाई. चेहरा सांगतोय, पाणी आधी घ्या."

मी उभ्या उभ्याच सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं, सगळं. मग आतून वही आणली. फोनवर विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येक आकडा आधी वहीत लिहिला होता, बावीस जणांचा. सोनियाच्या नावापुढे चार, चार, तीन, चार, चार. एकोणीस.

"पोरगी बोलायला लागली आणि मी चष्मा काढून ठेवला. खरं सांगू? जुन्या सवयीनं 'श्रोत्यांशी नातं'पुढं एकच टाकणार होतो. पहिली आली म्हणून एक! मग तुमचं वाक्य वाचलं — 'पाठ केलेलं आठवत उभी आहे' — आणि बोट मागं घेतलं. हरलो बरं का बाई मी तुमच्यापुढं."

माफी मागितली. त्यांनी पोहे खायला लावले, ते गिळले.

म्हणजे अवधूत! तो गोड बोलणारा वकील! स्टँडवरूनच त्यांना फोन लावला. ते कोर्टात होते. 'संध्याकाळी बघून सांगतो,' म्हणाले.

१७ जानेवारी

अवधूतांनी सोनियाला अठरा दिले होते.

ग मी आहे. पहिली, म्हणून पाचही ओळींत एक.

संयोजकांना लेखी कळवलं. आटपाडीची पहिली गाडी साडेसहाची.