बाजाच्या पेटीची कडी

आई, तुझ्याच पेटीत बसून लिहितोय. चर्चातल्या पायपांच्या बाजाची ही पेटी, जिच्यात उभी राहून तू दर रविवारी भाता मारायचीस. चर्च आता नाही, रस्ता रुंद झाला त्यात गेलं. पायपा भंगारात गेल्या, भात्याचं चामडं उंदरांनी आधीच संपवलं होतं. उरलेली पेटी मामानं उचलून आणली आणि वडवणीच्या स्टँडसमोर तिची पानटपरी केली.

कुणा सायबानं तो बाजा आगगाडीनं घाटनांदूरला उतरवला, तिथून बैलगाडीत आणला, असं तू सांगायचीस. वाटेत वारा पायपांत शिरून घुमायला लागला आणि बैल बुजले म्हणे. बैलावरनं आठवलं, गोव्यात मी एकाकडं... जाऊ दे, ते नंतर.

भात्याच्या धक्क्यानं पेटीचं दार उघडायचं, म्हणून बाहेरून कडी लावत. उपासना संपली की वाजवणारे सर ती काढायचे. त्या नाताळात जेवणाच्या गडबडीत विसरले. पंगत उठतेय, मी तुला शोधतोय, आणि रिकाम्या चर्चात भाता करकरतोय. कडी काढली तर तू घामानं निथळलेली.

"हाक कावून न्हाई मारली?"

"देवाच्या घरात बोंब मारू व्हय रं?" तू हसलीस. मग हसू गेलं. "तू नको बसू असल्या खोक्यात. जा कुटंबी."

गेलो की. नाशिक, सुरत, गोवा. मग मामाचा एक हात गेला, पान लावता येईना. "चार दिस बस," म्हणाला. तेव्हा पाऊस होता, आता ऊन पोळतंय. एसटी गेली की मागचं दार धडधडतं, म्हणून मामा सकाळी मला आत बसवून बाहेरून तीच कडी लावतो. पुढं गिऱ्हाईक, मागं कडी.

आज मामा म्हणाला, "लाकडाला गिऱ्हाईक आलंय, फोडून नेतो म्हनतंय. सांग बे, बसतोस का इकू?"

पिशवी भरलेलीच होती. पण पायाखालची फळी एका जागी झिजून खोलगट झालीय, तुझ्या पायानं. माझा पाय तिथं नेमका बसतो.

"इकू नको," म्हणालो. तुला हे पटायचं नाही. मग शेजारच्या गॅरेजातून पेचकस आणला, कडी बाहेरून काढली आणि आतल्या बाजूला बसवली. मामानं उरल्या हातानं दार धरून ठेवलं.

परळीची गाडी आत्ताच गेली. मी आतून कडी लावून बसलोय. आणि खरं सांगू आई, उघडते का, ते दोनदा बघितलं.