गाडीला हात लावायचा न्हाई

२६ डिसेंबर, गुरुवार

झालं! ह्या वर्षी गाडीला हात लावायचा न्हाई म्हणे!

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलो न केलो तोच मोबाईल वाजला. कलबुर्गीच्या, गाडीतल्या साऊंडच्या आवाजाच्या स्पर्धेचा ग्रुप. नवे नियम आलेत. मागं बॅटरी एकच — चालतंय. स्पीकरचा बॉक्स सीटच्या वर यायचा न्हाई — ते बी चालतंय, माझा तसाच हाय. आणि मग तिसरा. आवाज मोजायला सुरुवात झाली की काच, दार, टप, कशालाच माणसाचा हात लागता कामा नये. लागला की गाडी बाद.

चहा तसाच गार झाला.

सगळ्यांना ठावं हाय की वूफर पुऱ्या जोरात वाजला की पुढची काच फुगती. आत-बाहेर, आत-बाहेर. आवाजाचा सगळा दाब तिथंच मरतोय. बाहेरून काच दाबून धरली की मीटरवर आकडा चढतोय. म्हणून समदेच धरतेत. उदगीरवाले चौघं लावतेत. जहिराबादवाले तर पैलवान घेऊन येतेत! आमच्याकडं एकटे माझे वडील, अप्पा. मेंढी कातरताना तिला अंगाखाली कसं घ्यायचे, तसंच काचेला धरतेत — छाती, खांदा, गाल, कान, सगळं चिकटवून. कापसाचे बोळे दिले तर कानात घालत न्हाईत. ‘बोळे घालून कोण मेंढरं राखतंय का?’ म्हणतेत.

गेल्या साली ढाल आणली ती त्येंच्याच जोरावर. माईकवर सांगितलो मी, सगळ्या कलबुर्गीपुढं — ‘आमच्या अप्पाचा हात म्हणजे अर्धा डेसिबल!’ लोकं शिट्ट्या मारले. अप्पा पटका सावरत खाली बघून हसायले होते. त्या दिवसापासून संतपूरच्या माझ्या एवढ्याशा साऊंडच्या दुकानाला बसवकल्याणहून गाड्या येतेत.

आणि हे नियम कोण केलं? खाली नावच हाय. काशप्पा!

भालकीचा काशप्पा. हैदराबादला एकाच दुकानात बॉक्स बनवायला शिकलो आम्ही, एका खोलीत राहिलो, एका ताटात खाल्लो. आता नियमाच्या कमिटीत हाय. मीटर बी तेच्याच हातात.

२७ डिसेंबर, शुक्रवार

काशप्पाला फोन. उचलला न्हाई. परत लावलो. न्हाई. मोठा माणूस झालाय!

३० डिसेंबर, सोमवार. वेळअमावस्या

सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ठाणाकुशनूरहून ताई आणि राघोबा दाजी आले होते. जेवताना दाजींनी विषय काढलाच. ‘काय रे रवी, आता अप्पा रिटायर की!’ बाकीचे हसले. 

मी म्हणलो, ‘अप्पा, तुम्हीच सांगा. हे बरोबर हाय का?’

अप्पा तुरीकडं बघत बसले होते. बोलेनात. परत विचारलो, मोठ्यानं. तर म्हणले, ‘आंबील घे की अजून.’

एवढंच! पोराची इज्जत चाललीय आणि ह्यांना आंबील सुचतीय. हल्ली असंच चाललंय त्येंचं. विचारावं एक, बोलतेत दुसरंच. माझ्यावर रुसलेत का काय, कळत न्हाई.

माझी बायको, जगदेवी, मधीच म्हणली, ‘अव, कामून सणाच्या दिशी डोस्कं खायलाव त्येंचं? बरंच झालं की. म्हाताऱ्या माणसाला उन्हात काचेवर पालथं पाडून ठेवता.’

‘तुला काय कळतंय त्यातलं!’ म्हणलो मी, ताईसमोरच. मग ती दिवसभर बोलली न्हाई. न्हाई तर न्हाई. पण खोटं बोलली ती. अप्पांना हौस हाय. स्पर्धेच्या दिवशी माझ्या आधी उठून, पटका बांधून, गाडीपाशी उभे असतेत. मी कधी हात धरून ओढून नेलो न्हाई त्येंना.

४ जानेवारी, शनिवार

राहवलं न्हाई. भालकीला गेलो.

काशप्पा दुकानात एका गाडीच्या दारात डोकं घालून वायरी ओढायला होता. मला बघून म्हणला, ‘बा रे रवी, कुंड्रु.’ म्हणलो, ‘बसायला आलो न्हाई.’

‘नियम सगळ्यालाच हाय रे.’

‘नियम सगळ्याला हाय. पण माझ्या अप्पासारखा बाप सगळ्याला हाय का?’

तो पक्कड हातातल्या हातात फिरवत राहिला. मग म्हणला, ‘तेच तर.’

‘काय तेच तर?’

‘काय न्हाई. चहा घे.’

चहा घे! मी विचारलो, उदगीरवाल्यांनी काय चारलं तुला? तेचं तोंड लाल झालं. तरी आवाज चढवला न्हाई गड्यानं. म्हणला, ‘काच धरणाऱ्याच्या कानाचं बी बघावं लागतंय की. आत कुणी बसत न्हाई, पण बाहेर चिकटून उभारणारा माणूसच हाय ना?’

मी म्हणलो, ‘आमच्या अप्पाचे कान लांडग्याची चाहूल ओळखणारे हायत! तू नको काळजी करू.’

तो खाली बघून वायरी ओढायला लागला. मी चहा न पिता निघालो. येताना औरादच्या अलीकडं गाडी थांबवून उगंच बसलो थोडा वेळ. तेच्या आईनं, गंगम्मानं, हैदराबादला आम्हा दोघांसाठी डबे पाठवलेत. ते सगळं डोक्यात यायलं आणि राग अजूनच वाढायला लागला.

५ जानेवारी, रविवार

जास्त बोललो का काल? न्हाई. बरोबर बोललो.

११ जानेवारी, शनिवार

आज सगळं बिघडलं.

काच हातानं धरायची न्हाई ना, मग आतून टेका देऊ म्हणलो. बाभळीचा जाड तुकडा रंधून घेतलो, डॅशबोर्डवर बसवलो, काचेला लागंल तिथं रबर लावलो. नियमात लाकडाचं काही लिहिलेलं न्हाई. अंगणात गाडी उभी केलो. बारका मीटर लावलो.

अप्पा सवयीनं आले. पुढं उभारले, तळहात वर केले. मी ओरडलो, ‘अप्पा, हात काढा! आता हात लावायचा न्हाई!’

झटकन मागं सरले. इतक्या झटकन की मलाच कसं तरी झालं. जाऊन लिंबाखाली बसले, आणि खरं सांगू का? त्येंच्या तोंडावर एकदम सुटल्यासारखं दिसलं. शाळा सुटलेल्या पोरावाणी! मला लई लागलं ते. म्हणजे माझी ढाल गेली काय, ऱ्हायली काय, ह्यांना त्याचं काहीच न्हाई?

वाजवलो. आकडा चढायला लागला, लागला, आणि कट्‌! काचेला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. बाभळीचं लाकूड कशाला वाकतंय! काच वाकाय गेली आणि फुटली.

आता बिदरहून नवी काच आणावी लागंल. जगदेवी दारात उभी होती. तडा बघून आत गेली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. जगदेवी म्हणली, काशप्पा भावजींना एक फोन करा, सणाचं गोड बोला. न्हाई केलो. आलाय मोठा गोड बोलणारा!

१९ जानेवारी, रविवार

झोप येईना. रागानं का लाजेनं, मला बी सांगता यायचं न्हाई.

कलबुर्गीचं मैदान भरलं होतं. दोरी बांधली होती. माणसं सगळी दोरीच्या मागं. जहिराबादचे पैलवान हात बांधून उभे, बिनकामाचे. गाड्या एकेकट्या मैदानात. आजपर्यंत असं कधी बघितलो न्हाई. गाडी वाजायली आणि तिच्यापाशी कुणीच न्हाई!

माझा नंबर आला. काशप्पानं माईक आत बसवला, दार लावलं, माझ्याकडं न बघता मागं सरला. वाजवलो. नवी काच अशी थरथरायली की मला दोरीमागून दिसायली. सगळं दिसत होतं आणि धरायला कुणी न्हाई. मी अप्पांकडं बघितलो. ते दोरीच्या पार मागं, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी, हातात गलास घेऊन उभे. स्पर्धेकडं पाठ!

आकडा आला. गेल्या सालापेक्षा अर्धा डेसिबल कमी. तिसरा आलो. उदगीरवाला पहिला. तेचा बी आकडा उतरलाच होता, पण माझ्याएवढा न्हाई. निवेदक अप्पांचं नाव घेऊन माईकवर म्हणला, ‘लिंगाप्पाचे हात नसले की रविकुमारचं असं होतंय!’ लोकं हसले. गेल्या साली शिट्ट्या मारणारेच लोकं.

मग मला काय झालं माहीत न्हाई. जाऊन काशप्पाची कॉलर धरलो. सगळ्यांसमोर. म्हणलो, ‘खाल्लेल्या भाकरीला जागला न्हाईस! माझ्या बापाचे हात तोडलास तू!’ अजून बी काय काय म्हणलो. लिहायसारखं न्हाई.

तेनं हात उचलला न्हाई.  माझ्या खांद्यावरून तिकडं रसाच्या गाड्याकडं बघत राहिला नुस्ता. तेवढ्यात लोकांची पळापळ बघून अप्पा धावत आले, माझं मनगट धरले. त्या हातात अजून बी एवढा जोर हाय! ‘चल घरला,’ म्हणले.

काशप्पा अप्पांना म्हणला, ‘मामा, जावा तुम्ही. काही न्हाई.’ मामा म्हणतोय! तोंडानं मामा म्हणायचं आणि मागून असं करायचं.



२० जानेवारी, सोमवार

दुकान उघडलो न्हाई.

२ फेब्रुवारी, रविवार

काशप्पाच्या बहिणीचं लग्न होतं आज, भालकीला. एवढं होऊन बी गंगम्मा स्वतः येऊन पत्रिका देऊन गेली होती. मी घरात सांगून ठेवलो, आपल्या घरातलं कुणी जायचं न्हाई.

अप्पा गेले!

सकाळी शेताकडं जातो म्हणून निघाले आणि बस धरून भालकी. दिवस मावळायला आले, हातात लाडवाची पिशवी, कपाळाला अक्षता चिकटलेल्या. मी दारातच उभा होतो. म्हणलो, ‘दुश्मनाच्या मांडवात जेवून आलाव? तेनं तुमच्या पोराची अब्रू घालवली, आणि तुम्ही तेच्या दारात लाडू खाता? जावा मग, तिकडंच ऱ्हावा!’

बापाला बोललो असं. जन्मात पहिल्यांदा.

अप्पा माझ्याकडं बघून हसले. हसले! पिशवी माझ्या हातात दिले आणि म्हणले, ‘लई चांगलं झालं लग्न. जेवण बी चांगलं होतं.’ आणि पाय धुवायला गेले.

जगदेवी चुलीपाशी बसून रडायली. कामून रडतीस विचारलो, तर मान हलवली. ह्या घरात सगळे मला काही तरी सांगायचं टाळायलेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार



दुपारी माझी ओम्नी गाडी मागं घ्यायलो होतो. अप्पा अंगणात पोत्यावर तूर निवडत बसलेले, माझ्याकडं पाठ करून. हॉर्न वाजवलो. उठतेत की, म्हणून मागं घेत राहिलो. परत वाजवलो. आणि जगदेवीची किंकाळी! ब्रेक दाबलो. उतरून बघतो तर मागचं चाक पोत्याच्या काठावर. अप्पा तुरीचे खडे वेचायलेच. गाडीची सावली पडली तेव्हा कुठं वळून बघितले.

मी तोंड उघडलो ओरडायला, ‘ऐकू येत न्हाई का?’ म्हणून. अर्ध्यातच थांबलो.

जगदेवी म्हणली, ‘न्हाईच येत. मला कवाचंच कळलंय. तुम्हाला सांगते म्हणलं की तेच हात जोडतेत मला. रवीला सांगू नको म्हणतेत.’

मी अप्पांच्या मागं उभारून हाक मारलो. हळू. मग जरा मोठ्यानं. मग ओरडून. तूर निवडायले तसेच. वेळअमावस्येला मी दोनदा विचारलो होतो. रविवारी दारात एवढं तोडून बोललो, आणि ते हसले. त्येंना वाटलं असंल, लेकरू लग्नाचं विचारायलंय.

रडलो आज. दुकानामागं जाऊन.

१० फेब्रुवारी, सोमवार

अप्पांना बिदरला कानाच्या डॉक्टरकडं नेलो. ‘तू भाईर थांब,’ म्हणले. दाराशी बाकड्यावर बसलो.

आपण डॉक्टरला हळूच सांगायलोय असं त्येंना वाटायलं होतं. सगळ्या दवाखान्यात ऐकू यायलं. ‘काचेला कान लावून लावून गेलं बघा सायेब. पोरगं लई खुशीत असायचं. तेला न्हाई म्हणू वाटंना. मग काशप्पाच्या हातापाया पडलो, म्हणलं बाबा, कुणीच हात लावायचा न्हाई असा नियमच कर.’

मग जरा थांबून, अजून मोठ्यानं — ‘भाईर माझा रवी बसलाय. तेला ह्यातलं काही कळू देऊ नका.’