आत्याच्या भिंतीवरचा स्टोव्ह

बाबा, तुमच्या बहिणीच्या घरून आत्ताच परत आले आहे आणि डोकं नुसतं तापलं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे भांडायलाही कोणी नाही. म्हणून लिहिते.

ती सहा चित्रं तुम्ही नागपूरला चित्रकला शिकत असताना मित्राकडून घेतलीत. चौकटीवर ताणलेल्या रेशमी कापडातून एकेक रंग कागदावर ओढून त्याने छापलेली. स्टोव्ह, किटली, कंगवा, टॉर्च, छत्री, शिलाई मशीन. घरातल्याच वस्तू, पण रंग असे की बघणाऱ्याने दचकावं. स्टोव्ह गुलाबी आणि त्याची ज्योत हिरवी. प्रत्येकाच्या चाळीसच प्रती काढल्या आणि कापड धुऊन टाकलं. आपल्या सहाही चित्रांखाली पेन्सिलीने एकच क्रमांक आहे, नऊ, आणि शेजारी त्याची सही. तुम्ही शिकवायचात त्या तुमसरच्या शाळेला सुट्टी असली की तुम्ही ती पलंगावर मांडून बसायचात. मी जवळ आले की ठरलेला प्रश्न, "हात धुतले का?" एकदा पोहे खाता खाता बोट लावलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. आणि अशा माणसाने सख्ख्या बहिणीच्या लग्नात त्यातलंच एक आहेर म्हणून देऊन टाकावं?

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. आई स्वयंपाकघरात तांदूळ पाखडते आहे आणि तुम्ही उंबऱ्याशी बसून स्टोव्हचं चित्र खाकी कागदात बांधताय. पोरीला खरा स्टोव्ह घेऊन द्या, सासरी चार लोक बघतील, हे सांगून सांगून आई थकली आहे. "खरा स्टोव उद्या भंगारात जाईन," तुम्ही मान वर न करता म्हणता, "हे राहीन." आईने सूप आपटलं. पुढे बोलण्यात काही अर्थ नव्हता.

तुमचा नाद मला लागला हे तुम्हाला कळलंच नाही. बँकेतली नोकरी सांभाळून मीही असे छाप जमवते. कडा कापल्या आहेत का, उन्हाने रंग उडालाय का, सही खरी आहे का, हे आता मला बऱ्यापैकी कळतं. गेल्या महिन्यात नागपूरहून एक जाणकार बाई तुमची चित्रं बघायला आल्या. पाच बघून खूश झाल्या आणि लगेच विचारलं, सहावं कुठे आहे? एकाच क्रमांकाचा अख्खा संच त्यांनी आजवर पाहिलेला नाही. पाचांना बरी किंमत येईल म्हणाल्या, पण सहा असतील तर संग्रहालय घेईल, भिंतीवर चित्रकाराचं नाव लागेल आणि खाली, ज्याने ती जपली, त्याचं. मला किंमत नको होती, बाबा. आपल्या नातेवाइकांनी तुम्हाला आयुष्यभर येडा म्हटलं. तुमचं नाव एका भिंतीवर लागलेलं मला बघायचं होतं.

म्हणून आज किटलीचं चित्र काचेसकट चादरीत गुंडाळून मोहाडीला गेले. दोन्ही शेजारी ठेवली की आत्याला संच म्हणजे काय ते पटेल, असा माझा हिशेब. स्टोव्ह तिच्या पलंगाच्या वर टांगलेला आहे, ऊन न लागणाऱ्या भिंतीवर, आणि काच पुसलेली. मी विषय काढला आणि ती सुरू झाली. "लगनात साऱ्याईनं भांडे देल्ले, न् माह्या भावानं स्टोवचा फोटू. सासू रोज म्हणे, ठेव बाई याच्यावर चाय. पाहुणे आले का त्याईले दाखवे. मरतवरी हेच. इतकं आयकून घेतलं म्या या फोटूपायी, न् आता तू म्हणते दे. कायले देऊ?"

मी संग्रहालयाचं सांगितलं, तुमच्या नावाचं सांगितलं. "त्याचं नाव मले मालूम हाये," ती म्हणाली.

मग मी किटली काढली. तिने ती माझ्या हातातून घेतली, हात न धुता, आणि पलंगावर चढून स्टोव्हच्या बरोबर वर धरली. मागे वाकून बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, इतकी की मला तिला धरावं लागलं. "ठेवला चाय," ती म्हणाली. "पाह्य म्हणा बुढीले." तुमच्या आहेरावर आत्या हसते आहे, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

तर आता माझ्याकडे चारच उरली आहेत. संच तुम्ही फोडलात, मी जोडायला गेले आणि आणखी फोडून आले. त्या जाणकार बाईंना काय सांगू, ते तुम्हीच सांगा. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, छत्रीच्या चित्रामागे ठेवून देईन. एक मात्र राहिलं. आत्याने किटली मागितली नव्हती. हातोडी मीच शोधली आणि खिळाही मीच ठोकला.