सालीवरची भुकटी

सुरत, ११ फेब्रुवारी १९९६, रविवार

आज परसातला कोहळा चिरला तर आत केशरी! म्हणजे तो कोहळा नव्हताच. सासूबाईंना सांडगे घालायचे होते म्हणून मी शेजारच्या हंसाबेनकडून कोहळ्याचं म्हणून बी मागून आणलं, आणि फळ धरल्यापासून सालीवर पिकल्या कोहळ्यासारखी पांढरी भुकटी आली का म्हणून रोज बोट फिरवून पाहत राहिले. पिवळं दिसायला लागलं तेव्हा म्हटलं, उन्हानं असेल. किती वेडी मी!

हंसाबेन कुंपणापलीकडून हसत म्हणाल्या, "में तो कोळुं ज आप्युं हतुं!" त्यांनी कोळुंच दिलं होतं म्हणे, आणि त्यांचं कोळुं म्हणजे आपला लाल भोपळा. इतकी वर्षं इथे राहून हे कळू नये?

सासूबाईंना काय सांगू? गुडघ्यांमुळे त्या परसात उतरत नाहीत. माझ्या भरवशावर त्यांनी काल सांडग्यांची डाळसुद्धा भिजत घातलेली. त्यांनी एक फोड उचलून चाखली. म्हणाल्या, "डाळीचे वडे कर, याचे घारगे. आणि पहिले हंसाबेनना नेऊन दे."

घारगे काय टम्म फुगले! बिया सासूबाईंनी धुऊन, बंबातल्या राखेत घोळून ठेवल्यात.

आली एकदाची पांढरी भुकटी.