अठरा लिटर

बाबा,

मागच्या महिन्यात मी काकांना चोर म्हणाले. आपल्या सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरला, ज्यांच्या मांडीवर बसून मी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं, त्यांना. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेवढ्या काळात तुम्हाला कळवावं असं पुष्कळ घडलं, ट्रक दोनाचे सात झाले, बुटीबोरीच्या कारखान्याचं कायमचं काम मिळालं, आईचे गुडघे बदलले, पण लिहायला म्हणून कधी बसले नाही. बसले ती हे सांगायला, यावरून माझी अवस्था ओळखा.

तुम्ही माणसं ओळखायचात ती एवरेजवरून. मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाला तुम्ही शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही, "तुमची स्कूटर किती देते?" एवढंच विचारलं. तो बिचारा म्हणाला, कधी लक्ष नाही दिलं. झालं, तिथेच त्याचा निकाल लागला, पोहे यायच्या आधी. घरात आई कुकर लावून शेजारी बोलायला गेली की तुम्ही यार्डातल्या आवाजात ओरडायचात, "इंजिन चालू ठेऊन कुठं गेली वं?" आई तिकडूनच ओरडायची, "तुमच्या टाकीतलं नाही जळून राहिलं, गॅस हाये तो!" डाळ तीन शिट्यांत होत असताना चौथी झाली की तुमचा जेवणातला जीव जायचा. आम्ही हसायचो. आता माझ्या घरात चौथी शिटी झाली की माझाही जातो, पण ते मी कोणाला कळू देत नाही.

आणि उतार! तुमच्या पहिल्या ट्रकचा सेल्फ बिघडला होता आणि नवा टाकायची ऐपत नव्हती, म्हणून तुम्ही गाडी उतारावर उभी करायचात आणि ढकलून चालू करायचात. तिथपर्यंत समजण्यासारखं आहे. पण पुढे सेल्फ आला, नवी बॅटरी आली, नव्या गाड्या आल्या, तरी तुम्ही उतार सोडला नाहीत. ऐपत नव्हती ती गोष्ट तुम्ही तत्त्व करून टाकलीत. नागपूरसारख्या तव्यागत सपाट गावात उतार हुडकणं म्हणजे काय चेष्टा आहे का? पण तुम्हाला सगळे ठाऊक. सक्करदऱ्याच्या तलावाच्या बाजूचा, कळमेश्वरच्या फाटकाअलीकडचा, बुटीबोरीच्या जुन्या रस्त्यावरचा कडुलिंबाखालचा. मावशीच्या लग्नात तुम्ही गाडी हॉलपासून इतकी लांब लावलीत, की आई शालू सावरत, हातात सँडल घेऊन चालत आली आणि वऱ्हाडाला वाटलं आम्ही भांडून निघालोय. तसे आम्ही भांडतच होतो म्हणा. तुम्ही मात्र शांतपणे सांगत होतात, "जागा पाह्य ना, काय सुंदर उतार हाये."

ड्रायव्हरांना तुम्ही तेच शिकवलंत. बाकीचे तुमच्या पाठीमागे हसायचे आणि मिळेल तिथे गाडी लावायचे. काका मात्र ऐकायचे.

आता माझं ऐका. डिझेलचे भाव तुमच्या वेळचे राहिले नाहीत. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर एसीत झोपतात, टाकीतून कॅन भरून निघतात, आणि मी यार्डातल्या कॅबिनमध्ये बसून नुसती अंदाज बांधत राहते. अशा मनःस्थितीत असताना ऐन मे महिन्यात एक गृहस्थ टाय बांधून आपल्या यार्डात आले. नागपूरच्या मे महिन्यात टाय! तुम्ही असतात तर त्यांना आधी कूलरपुढे बसवून ताक दिलं असतं आणि मग हाकललं असतं. मी ताक दिलं आणि सात सेन्सर घेतले. टाकीत एक दांडी बसवायची, ती दर मिनिटाला मोबाइलवर सांगणार आत डिझेल किती, गाडी कुठे, इंजिन चालू की बंद. सातवर एक फुकट होता, तो मी हौसेनं माझ्या स्वतःच्या डिझेल कारला लावून घेतला. काकांच्या ट्रकच्या टाकीत मध्यावर जागा नव्हती, म्हणून मेकॅनिकनं मागच्या टोकाला भोक पाडून दांडी बसवली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. माझ्या लक्षात राहिलं नाही.

मी नियमही केला. उभ्या गाडीचं इंजिन दहा मिनिटांच्या वर चालू राहिलं, की त्या ड्रायव्हरनं सगळ्या यार्डाला चण्याची झणझणीत तर्री घातलेले पोहे खाऊ घालायचे आणि फळ्यावर स्वतःच्या हातानं कारण लिहायचं. पहिल्या आठवड्यात आम्ही इतके पोहे खाल्ले की मला रात्री जेवण जाईना. मग इंजिनं बंद व्हायला लागली. मी खूश. आई म्हणाली, तुझ्यात तुझा बाप आला. मी आणखी खूश.

आणि मग काकांच्या गाडीच्या सूचना यायला लागल्या. लाल अक्षरांत, रोज दुपारी एकच्या सुमाराला, "डिझेल चोरी, अठरा लिटर". इंजिन बंद, जागा बुटीबोरीच्या अलीकडे. एक दिवस, दोन दिवस, पुरे तीन आठवडे. गंमत म्हणजे महिन्याचं एवरेज काढलं तर सातही गाड्यांत काकांचीच गाडी पहिली. रोज अठरा लिटर चोरीला जाणारी गाडी सगळ्यांत चांगलं एवरेज देते, हे तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्ही आधी मला वेड्यात काढलं असतंत. मी काय केलं सांगू? मी म्हटलं, बघा, चोरीतही हात किती साफ आहे.

त्यांना कॅबिनमध्ये बोलावलं. ते दारात चपला काढून आत आले, अजूनही काढतात. मी मोबाइल पुढे केला.

"काका, रोज दुपारी अठरा लिटर कुठं जाऊन राहिलं?"

"मले त्यातलं नाही समजत, पोरी. त्या टायमाले तं मी डबा खाऊन राहतो."

"डबा खाता खाता टाकी रिकामी होते काय? याले चोरी नाही तं काय म्हणू?"

त्यांनी खिशातून चाबी काढली, रुमालानं पुसली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "मॅडम, मागच्या डाव्या चाकात हवा कमी हाये, तेवढी पाहून घ्या." आणि गेले. बाबा, त्या माणसानं मला आयुष्यात पहिल्यांदा मॅडम म्हटलं. मी लग्न करून सासरी गेले तेव्हा पोरी, तुमच्या जागेवर खुर्चीत बसले तेव्हा पोरी, आणि आता मॅडम. पण मोबाइलवर लाल अक्षरं होती आणि मला ती जास्त खरी वाटली.

दुसऱ्या दिवशी माल तर कळमेश्वरहून बुटीबोरीला जायलाच हवा होता. लग्नसराईत ड्रायव्हर मिळतो कुठे? शेवटी तुम्ही हट्टानं काढायला लावलेलं अवजड गाडीचं लायसन मी बाहेर काढलं, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि काकांचा ट्रक स्वतः घेऊन निघाले. डाव्या चाकात खरंच हवा कमी होती. दुपारी एकच्या सुमाराला भूक लागली. कडुलिंब दिसला, सावली दिसली, मी गाडी बाजूला घेतली, नाक उताराकडे करून उभी केली, इंजिन बंद केलं, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डबा उघडला. भरल्या वांग्याचा पहिला घास तोंडात, आणि मोबाइल वाजला. "डिझेल चोरी, अठरा लिटर."

मी घास टाकून खाली उडी मारली. टाकीखाली वाकून पाहिलं, मागे पाहिलं, झाडाच्या मागेसुद्धा पाहिलं. एक बकरी होती. तिच्याकडे कॅन नव्हता. झाकणाला कुलूप, आणि त्याची चाबी माझ्या गळ्यात. मग मी तशीच उभी राहिले, उन्हात, आणि त्या गाडीकडे बघितलं. नाक खाली, शेपूट वर. दांडी टाकीच्या मागच्या टोकाला, डिझेल सगळं पुढे. गाडी चालू करून सपाट रस्त्यावर आणली आणि मोबाइलचा दुसरा कप्पा उघडला. तिथे हिरव्या अक्षरांत आलं होतं, "डिझेल भरले, अठरा लिटर". मागे सरकवत गेले तर रोजच्या लालपाठोपाठ अर्ध्या तासानं एक हिरवं. मीच त्या टायवाल्यांना सांगितलं होतं, हिरवं मोबाइलवर वाजवू नका, डोकं उठतं. रोज अठरा लिटर चोरून जेवण झाल्यावर परत भरणारा चोर, बाबा, तुम्ही तरी पाहिला होता का?

आणि मग मला ती दुसरी दुपार आठवली. मी कॉलेजात आहे, सुट्टीत यार्डात आलेय, तुमची खाचा पाडलेली काठी पहिल्यांदाच माझ्या हातात आहे. मी ती टाकीत बुडवते, ओली खूण बघते आणि सगळ्यांसमोर ओरडते, "बाबा, यात डिझेल कमी हाये! काका, कुठं गेलं?" तुम्ही पायऱ्या उतरून येता. गाडी बघता. आणि माझ्या हातातून काठी काढून घेता. "आधी गाडी सपाटावर घे. मंग काठी घाल. अन् मंग तोंड उघड." सगळं यार्ड ऐकतंय, माझे कान लाल झालेत. मग तुम्ही मला काकांसाठी चहा आणायला पाठवता, आणि मी आणते, आणि काका बशीत चहा ओतत माझ्याकडे बघून हसतात. संध्याकाळी तुम्ही ती काठी मला देऊन टाकली होती. मला वाटलं होतं, बक्षीस आहे.

तीच चूक, तीच माणसं. फक्त काठी महाग झाली. आणि यावेळी काका हसले नाहीत.

माल उतरवला, ट्रक यार्डात लावला आणि कार घेऊन काकांच्या घरी गेले, सक्करदऱ्याला. घर गल्लीत, दार उघडं, आत कूलरचा आवाज. समोर कार उभी केली. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. काका, सेन्सरची चूक झाली. नको, सेन्सरची कुठे? काका, गैरसमज झाला. हे तर त्याहून वाईट. अशी जुळवाजुळव चालली असताना मोबाइल वाजला. "इंजिन विनाकारण चालू, बेचाळीस मिनिटे. चालकास समज द्यावी." मी दचकून कुठली गाडी म्हणून बघते, तर माझीच. सातवर एक फुकट आलेली.

तेवढ्यात काचेवर टकटक. काका. बनियनवर, खांद्यावर टॉवेल.

"काहून वं पोरी, कधीची गाडी चालू ठेऊन बसली? डिझेल काय तुया बापाचं हाये?"

बोलून गेले आणि जीभ चावली. कारण ते होतंच ना माझ्या बापाचं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे हसलो, की काकू बाहेर आल्या. मी इंजिन बंद केलं, उतरले आणि तिथेच गल्लीत म्हणाले, "काका, माह्यं चुकलं. मी तुमाले नाही विचारलं, मोबाइलले विचारलं." त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उताराचं, दांडीचं, बकरीचंही. मग म्हणाले, "मालकानं सांगतलं होतं ना तुले, आधी सपाटावर घे." विसरले नव्हते. मी विचारलं, आता सेल्फ चांगला आहे, बॅटरी नवी आहे, मग अजून उतारावर काहून उभी करता? तर म्हणाले, "मालकानं थांबव म्हणून कुठं सांगतलं?" चहा आला. मी बशीत ओतून प्यायले.

काका दुसऱ्या दिवशी कामावर आले. दांडी टाकीच्या मध्यावर बसवून घेतली. यार्डातल्या सगळ्यांना जमवून मी चूक कोणाची ते सांगितलं, आणि बेचाळीस मिनिटांचे पोहे खाऊ घातले. काकांनी तर्री दोनदा मागून घेतली. फळ्यावर इतरांसारखं मीही माझ्या हातानं लिहिलं, मिनिटं बेचाळीस, कारण गरमी.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. कॅबिनच्या कपाटात तुमची काठी आहे, तिला गुंडाळून ठेवीन. पण एक राहिलं. फळ्यावरचं ते कारण खोटं आहे, बाबा. त्या संध्याकाळी वारा सुटला होता, एसीची गरज नव्हती. इंजिन बंद केलं असतं, तर उतरावं लागलं असतं.