मनाअक्काचं नाक

प्रिय मनाअक्का,

फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मधेच "जेवलास का" विचारून विषय मोडतेस. म्हणून पत्र. आमची बोअरची गाडी कर्जतच्या पुढे एका माळावर अडकून पडलीय. ड्रायव्हर तमिळ आहे. त्याला मराठीतले "पाणी", "लागलं" आणि "न्हाई" एवढेच शब्द येतात, आणि या मुलखात तेवढ्यावर त्याचं भागतं. ते जाऊ दे.

परवा सामान आणायला आष्टीला गेलतो. तिथं आपल्या दूध सोसायटीचा टेम्पोवाला सिदू भेटला. बघितल्या बघितल्या ओरडला, "निवऱ्या, तुझ्या अक्कानं मीटिंग गाजवली बे!" चहा घेता घेता त्यानं सगळं सांगितलं, आणि मला आपली चारा छावणी आठवली.

त्या दुष्काळात गाय-म्हशी घेऊन आख्खा उन्हाळा आपण छावणीतच काढला. दुपारी जनावरं रवंथ करत बसली की बन्सीतात्या पुठ्ठा गेलेला जुना शब्दकोश काढायचे. कुणालाच ठाऊक नसलेला शब्द वाचायचे, खरा अर्थ तळहाताखाली झाकायचे. मग आपण एकेकानं थाप ठोकायची. ज्याची थाप लोकांना पटेल तो जिंकला. "इस्तावा" आठवतो? मी म्हटलं, विहीर आटल्यावर तळाला राहतो तो ओला गाळ. तर सोसायटीचे चेअरमन बबनराव म्हणाले, "बराबर हाय, आमचे आजोबा ह्योच शब्द वापरायचे." खरा अर्थ निघाला वर्षागणिक वाढत जाणारा शेतसारा. तरी ते मागं हटले नाहीत. अजूनही गाळाला इस्तावाच म्हणत असतील.

आणि तू? "बैलाच्या शिंगाला लावायचं तेल," एवढं बोललीस आणि तुझं नाक पिकल्या बोरासारखं लाल! सगळी छावणी ओरडली, "खोटं!" उन्हाळाभर एकदासुद्धा जिंकली नाहीस. म्हातारी जाईबाई म्हणायची, "या पोरीचं नाकच फितूर हाय." चिडवण्यात मी सगळ्यांच्या पुढं. पण त्यात गावाला एक पाठ झालं, मनकर्णा खोटं बोलली की कशी दिसते.

आता सिदूचं ऐक, म्हणजे तुझंच तू ऐक. बबनरावांचा पुतण्या भर सभेत उठला आणि म्हणाला, मनकर्णा दूध घेताना आपल्या भावकीच्या दुधाची फॅट वाढवून लिहिते. तू म्हणालीस, "मशीन दाखवतं तेच मी लिहिते." तो हसला, "असं कुनीबी म्हनंल." तेवढ्यात मागून जाईबाई काठी आपटत उठली. "थांबा की जरा. ए पोरी, तात्याच्या पुस्तकातला महजर म्हंजे काय? खोटं सांग." तू गोंधळून म्हणालीस, "म्हशीच्या पाठीवर टाकायचं ओलं गोणपाट." नाक लालभडक! लोक पोट धरून हसले. "आता दुधाचं सांग." तू पुन्हा तेच सांगितलंस. सगळी सभा पुढं वाकून तुझ्या नाकाकडं बघत होती म्हणे. नाक जसंच्या तसं. शेवटी बबनरावच पुतण्याला म्हणाले, "बस खाली बे. हिला मी छावणीत पुरती वळखलीय."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. हॉटेलात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा मी चहा पाजला. तो म्हणाला, कशाबद्दल? म्हटलं, माझ्या बहिणीला खोटं बोलता येत नाही म्हणून.

पण टेम्पोत बसताना सिदूनं राहिलेलं सांगितलं. सोसायटीनं तुला सचिव व्हायला सांगितलंय आणि तू नको म्हणतेस. का, तर चारचौघांत उभं राहिलं की तुझं सगळं तोंडावर दिसतं. अक्का, हे पत्र एवढ्यासाठीच. गावाला तेच पाहिजे. माझ्यासारखे थापाडे गावोगाव मिळतात, लोक आमचं हसून ऐकतातही, पण ऑफिसची किल्ली आमच्या हातात कुणी देत नाही. तुला देतायत. घे. छावणी उठली तेव्हा तात्यांचा एक शब्द राहून गेला होता, "इस्तकबील". सचिव झालीस की त्याचा खोटा अर्थ मला लिहून पाठव. कागदावर नाक दिसत नाही. बघ, पहिल्यांदाच जिंकशील.

तुझाच, सगळीकडं तुझंच नाव सांगत फिरणारा,
निवृत्ती