तीन बोटं मार्जिन

ता. ४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बोटीच्या तिकीट खिडकीवर तुला नवी खुर्ची मिळाली हे वाचून बरं वाटलं. जुन्या खुर्चीने तुझी पाठ मोडली होती आणि तुझ्या तक्रारींनी आमची. इकडे तुझी वहिनी ठणठणीत आहे. थंडी पडू लागल्यामुळे दुकानात कोटांची घाई आहे.

आता मुद्द्याचं. फोनवर तू विचारतेस आणि मी हवापाण्यावर जातो, म्हणून पत्रच बरं. मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला त्याला दोन वर्षं होतील. हाडापर्यंत पोचलाय, मुळातून जाणार नाही, पण दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेतलं तर पुष्कळ काळ झोपवून ठेवता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तो झोपलाही आहे. रक्ताचे आकडे बघून बाई खूश असतात. पण त्या इंजेक्शनने पुरुषाचं हार्मोन बंद पडतं, आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय बंद पडतं ते मी तुला, बहिणीला, कसं लिहू? जेवढं लिहवतं तेवढं लिहितो.

गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप धरलेला असताना एकाएकी अंगाची भट्टी होते. बाहेर माणसं कुडकुडतायत आणि माझ्या कपाळावरून घाम टपकतोय. मागच्या आठवड्यात तो एका बाईंच्या रेशमी अस्तरावर पडला. दुपार झाली की कात्री जड लागते. परवा बटण लावताना रडू आलं, का तर ते चार भोकांचं होतं आणि बाकीची दोन भोकांची. हस. तुझी वहिनीही हसली, मग तीही रडायला लागली.

खरी गोष्ट पुढेच आहे. कित्येक महिने मी हिच्याशी भांडत होतो की ही माझे शर्ट गरम पाण्यात धुऊन आटवते. शेवटी तिला पुरावा दाखवायला म्हणून शर्टाला टेप लावला. शर्ट जसाच्या तसा! मग टेप स्वतःच्या अंगाभोवती घेतला. पोट सुटलंय ते मान्य. पण छाती, धाकटे. छाती बाईमाणसासारखी भरलीय. आयुष्यभर लोकांची मापं नजरेने ओळखली आणि स्वतःचं माप मला कळलं नाही. शर्ट उसवून सैल करावेत तर आत कापड नाही, कारण माझा नियम तुला ठाऊक आहे. मार्जिन सोडायचं ते पोरांच्या कपड्यांत, वाढत्या अंगाला. साठीपुढच्या माणसाच्या शिवणीत जास्तीचं कापड ठेवायचं नाही. शिवण जाड होते, टोचते, आणि ती उसवायची वेळ यायची कुठे?

तर मी ठरवलंय. पुढचं इंजेक्शन अकरा डिसेंबरला आहे, ते घ्यायचं नाही. दिवस थोडे मिळाले तरी माझ्या मापाचे मिळू देत. हिला अजून सांगितलेलं नाही. तू रागावशील. पण पत्रात रागाव, फोनवर नको, मला सोसत नाही.

लोभाची शिवण पक्की आहे, ती अशीच राहू दे.

तुझा
दादा


ता. १० नोव्हेंबर

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिडकीत बसून वाचलं आणि परतीचं तिकीट मागणाऱ्या एका भल्या माणसाला एकेरी दिलं. संध्याकाळी तो पलीकडच्या काठावर अडकून बसला. तुझा नियम वाचून आधीच डोकं फिरलं होतं, त्यात साहेबांची बोलणी खाल्ली. हे दोन्ही तुझ्या खात्यावर.

रागावून झालं. आता खरं लिहिते. मला भीती वाटते, दादा. तुला माझ्याआधीचं जग माहीत आहे. मला तुझ्याशिवायचं जग माहीतच नाही, आणि ते बघायची मला अजिबात हौस नाही. तू म्हणतोस तुझ्या मापाचे दिवस. तुझं माप म्हणजे छातीचा घेर, हे कोणी ठरवलं? माझ्यासाठी तरी तू म्हणजे तोंडात टाचण्या धरून मला शुद्धलेखन सांगणारा माणूस. तो इंजेक्शनने गेलेला नाही.

पण अंग तुझं आहे, सोसायचं तुला आहे. म्हणून एकच मागते. हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी तुला एक चिठ्ठी दिली होती ना? वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी ह्याच दुखण्याची माणसं जमतात म्हणून. ती चिठ्ठी तू बटणांच्या डब्यात दडवलीस, हे वहिनीने मला कधीच सांगितलंय. तुझी कुठलीच गोष्ट आम्हा दोघींपासून लपत नाही. एकदा तिथे जाऊन ये. मग जे ठरवशील त्यावर मी अक्षर काढणार नाही. आणि वहिनीला तूच सांग, तिला दुसऱ्याकडून कळता कामा नये.

जाता जाता, माझ्या कोटाचं कापड तीन हिवाळे तुझ्या कपाटात झोपा काढतंय. ह्या हिवाळ्यात मला कोट हवा.

लोभ उसवू नये, हीच विनंती.

तुझी
धाकटी


ता. २४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद. थोडे कापरे आहेत, सांभाळून घे.

हिला सांगितलं.  ती काज करत होती, ते संपवलं, दोरा तोडला आणि म्हणाली की जे कराल ते करा, फक्त मला न सांगता करू नका. मग तुझ्याशी झालेल्या सौद्याप्रमाणे शनिवारी वाचनालयात गेलो.

खोलीत नऊ-दहा पुरुष चहाचे कप धरून बसलेले. अर्धा तास सगळे बोलले ते बुटांच्या तळव्यांबद्दल आणि मोटारीच्या बॅटरीबद्दल. मी मनात म्हटलं, ह्यासाठी दुकान बंद करून आलो? आणि एकदम गोदीतल्या क्रेनवर काम केलेला एक आडदांड गडी उठला, खिडकी सताड उघडली आणि टोपीने वारा घ्यायला लागला. तोंड लालबुंद. कोणी विचारलं नाही की काय होतंय. भूगोलाचे एक निवृत्त सर आहेत, ते म्हणाले की उष्ण कटिबंध सरकत इकडे येतोय. पाचच मिनिटांत त्यांनाही घाम फुटला आणि मग मलाही. तिघे खिडकीत एका रांगेत उभे, बाहेर कडाक्याची थंडी, आणि पोट धरधरून हसतोय. मी असा कधी हसलो होतो आठवत नाही.

त्यानंतर माणसं बोलायला लागली. काय काय बोलली ते तुला लिहिणार नाही, पण जे मी हिच्याशीसुद्धा बोललो नव्हतो ते लोक चहा फुंकत फुंकत बोलत होते. बायकोच्या शेजारी नुसतं पडून राहण्याबद्दल. भर बाजारात रडू येण्याबद्दल. मी नुसता ऐकत होतो, पण माझी नजर तर शिंप्याची. कोणी दोन मापं मोठा शर्ट घातलेला. कोणी खोलीतही जाकीट काढत नाही. सरांनी तर छातीवरून पिशवी आडवी लटकवलेली. सगळे तेच झाकत होते, धाकटे, जे मी झाकत होतो. आणि एकाचेही कपडे धड बसलेले नव्हते. मला राहवलं नाही. मी माझं नाव सांगायच्या आधी सांगून टाकलं की उद्या सगळे दुकानात या.

आले! मी पडदा ओढला आणि एकेकाला बनियनवर उभा करून मापं घेतली. शेवटी क्रेनवाल्याने माझ्या हातातून टेप काढून घेतला आणि म्हणाला की आता तुमची पाळी. मी पुष्कळ टाळलं. मग शर्ट काढला. त्याने टेप उलटा धरला होता आणि आकडा भलताच सांगितला, तरी मी काही बोललो नाही.

ह्या मंडळींत सगळ्यांत जुने ते कप्तान. बोटीवर कधी पाऊल ठेवलेलं नाही, शाळेत खेळाच्या संघाचे कप्तान होते, तेवढंच. त्यांचा आजार ऑपरेशननंतर उलटला आणि ते पंधरा वर्षं इंजेक्शनं घेतायत. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो. पण कोणी कोणाला फसवत नाही. बेकरीवाला म्हणून एक होता, तोही सगळी इंजेक्शनं नेमाने घेत होता, मागच्या हिवाळ्यात गेला. त्याची गोष्ट ते दर वेळी काढतात. अमरपट्टा कोणालाच मिळालेला नाही.

मी काहीही ठरवलेलं नाही. कप्तानांनी त्यांचा कोट ठेवलाय, तो नीट करायचा आहे.

लोभ आहे तेवढा ठेव, अडीअडचणीला लागेल.

दादा


ता. ३० नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी अक्षर काढणार नाही म्हटलंय, म्हणून इंजेक्शनबद्दल अक्षर नाही. दुसरंच सांगते. तुझं पत्र आल्यापासून रांगेतला प्रत्येक वयस्क माणूस मी नव्याने बघते. कोणी मफलर सोडून खिशात कोंबतो, कोणी छातीशी पिशवी धरतो, कोणी सुटे पैसे शोधण्याचं निमित्त करून डोळे पुसतो. आधीही करत असतील. मी फक्त हात बघायची आणि तिकीट द्यायची. काल अशा एकाला मी खिडकीतून म्हटलं की पलीकडच्या बाकावर वारा चांगला येतो. तो इतका आश्चर्याने बघत राहिला की मागच्यांनी ओरडा केला.

तू पडदा ओढलास आणि शर्ट काढलास, हे वाचून माझा ऊर भरून आला. बाकी काही म्हणायचं नाही.

लोभ भरपूर आहे, लागेल तेवढा घे.

धाकटी


ता. ५ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आज फक्त एका कोटाबद्दल लिहिणार आहे. कंटाळलीस तर वहिनीकडून थोडक्यात ऐक.

दुपारी कप्तानांचा कोट उसवायला घेतला. अस्तर सोडवलं आणि हात जागच्या जागी थांबला. कोट परगावच्या कोणा शिंप्याचा, चांगल्या हाताचा. दोन्ही बगलेखालच्या शिवणींत तीन तीन बोटं मार्जिन सोडलेलं, आणि त्या मार्जिनमध्ये जुन्या टाक्यांची भोकं, ओळीमागून ओळ. उसवलेल्या शिवणीची खूण जाड कापडावर राहते, हे मी रोज बघतो. असं मात्र कधी बघितलं नव्हतं. पहिली ओळ मूळची. मग एक बोट बाहेर, म्हणजे अंग भरलं. मग आणखी अर्धं बोट. मग एकदम आत, पहिल्या ओळीच्याही आत, म्हणजे माणूस पार वाळला. मला वाटलं इथे संपलं. तर नाही! पुन्हा बाहेर. पुन्हा थोडी आत. पुन्हा बाहेर. मी कोट खिडकीशी नेला आणि कितीतरी वेळ उजेडात धरून बघत बसलो. एवढं सगळं ह्या माणसावरून गेलं, आणि तो दर शनिवारी येऊन बुटांच्या तळव्यांबद्दल बोलतो!

आणखी एक. मूळ ओळीनंतरच्या काही ओळींची भोकं बारीक, एकसारखी, बाईच्या हातची. पुढची वाकडीतिकडी, जाड दोऱ्याची.  कप्तान आले तेव्हा मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. कोट बायको सैल करायची, तीच आवळायची. मग ती गेली, काही दुखणं नसताना, एका सकाळी. सगळ्यांनी काळजी ह्यांची केली आणि गेली ती. त्यानंतर तिचे टाके बघून बघून ते सुई धरायला शिकले.

मी मार्जिनचं विचारलं. ते म्हणाले, कोट शिवला तेव्हा डॉक्टरांनी फार दिवस सांगितलेले नव्हते, म्हणून शिंप्याला बजावलं होतं की बेताचाच शिव. तो म्हणाला की डॉक्टरांचं मला काही कळत नाही, पण कापड आहे तर आत राहू दे.

ते गेल्यावर मी दुकानात नुसता बसून होतो. गिऱ्हाईक आलं तर हिने परत पाठवलं. आता माझा एक कोट बेतायला घेतो. जुन्याचं बटण लागत नाही म्हणून तो गेल्या हिवाळ्यापासून उघडाच घालतोय.

लोभ असावा, पत्र नाही आलं तरी.

दादा


ता. ११ डिसेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही फोनची वाट बघत असाल. पण आज मला लिहावंसंच वाटतंय, फोनवर माझा आवाज लागायचा नाही.

तुमच्या दादांनी काल संध्याकाळपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. इंजेक्शन घेणार की नाही, एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. नवा कोट तेवढा शिवून पूर्ण केला, मला काजंसुद्धा करू दिली नाहीत. अंगाबरोबर बेतलाय, नव्या अंगाबरोबर. तो इस्त्रीला घेतला तर बगलेखालची शिवण हाताला जाड लागली. वाटलं, अस्तर दुमडलं असेल. म्हणून उलटा केला.

वन्सं, इतकी वर्षं मी ह्यांच्या शेजारी बसून काज-बटण केलंय. साठीनंतर ह्यांच्या स्वतःच्या कपड्यात मी जास्तीचं कापड बघितलेलं नाही. ह्या कोटात दोन्ही बाजूंना मार्जिन आहे. मी माझी बोटं लावून बघितली. तीन. मग इस्त्री बाजूला ठेवली आणि खुर्चीत बसले. हे समोरच खडूला धार काढत होते, त्यांनी वर बघितलं नाही.

आज सकाळी कोट घातला, आरशासमोर बटणं लावली आणि विचारलं की छातीवर नीट बसलाय का. मी म्हटलं, आहे त्या छातीवर अगदी नीट बसलाय. मग आम्ही हॉस्पिटलला गेलो. कप्तान आणि क्रेनवाले आधीच बाकावर येऊन बसले होते. इंजेक्शन झालं. पुढची तारीख मार्चमधली आहे. येताना बसमध्ये ह्यांना भट्टी पेटली, तेव्हा क्रेनवाल्यांनी रिपोर्टच्या फाईलने घरापर्यंत वारा घातला. माझा जीव भांड्यात पडला, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं.

खाली ह्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणून जागा सोडते. लोभ आहेच, तो तुमच्याच घरचा.

तुमची
वहिनी

धाकटे, तुझं कापड काढून बघितलं. कोट ह्या हिवाळ्यात होत नाही. मंडळींचे शर्ट आधी. पुढच्या हिवाळ्यात नक्की शिवून देतो. रागाव. फोनवर रागावलीस तरी चालेल.
— दादा